थांबा! गाडी थांबवा!

गोंदिया जिल्ह्यात एक रस्ता आहे! आमगावहून निघायचं, सालेकसा गाठायचं आणि मग दरेकसाच्या टेकड्यांत शिरायचं. बस, एवढंच! नकाशावर बघाल तर बोटाच्या पेरात मावेल. पण त्या पेरात काय काय भरून ठेवलंय हे मला परवापर्यंत ठाऊकच नव्हतं, आणि आता ठाऊक झालंय तर मला घरात बसवत नाहीये, जो भेटेल त्याला पकडून सांगावंसं वाटतंय. आज तुम्ही सापडलात! बसा गाडीत, खिडकीशी बसा, काच खाली करा, मी सांगते.

आधीच सांगून टाकते, मी जंगलातली जाणकार नाही. साग ओळखता येतो, पळस ओळखता येतो, मोह कुणी दाखवला की ओळखता येतो. पक्ष्यांची नावं मला अजून पुस्तकात बघावी लागतात. तेव्हा माझ्याकडून शास्त्र मागू नका. मला फक्त डोळे फाडून बघता येतं, आणि तेवढ्यावर काम भागलं!

दरेकसा हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले आहे. नागपूरहून रायपूरला जाताना गाडी या टेकड्यांतून जायची, मोठी माणसं म्हणायची, आता बोगदा येणार, आणि आम्ही मुलं खिडकीला नाक लावून अंधाराची वाट बघायचो. मग मोठेपणी हे नाव भेटलं ते वर्तमानपत्रात. नक्षल्यांचं दलम, चकमक, शोधमोहीम. वर्षानुवर्षं दरेकसा म्हटलं की तेवढंच. त्यामुळे इथं कुणी उतरत असेल, चहा पीत असेल, ओढ्यात पाय सोडून बसत असेल, हे डोक्यात आलंच नाही! मावसभाऊ आमगावला असतो. तोच म्हणाला, "ताई, एकदा चल तर खरं. पण माझी एक अट आहे. पाटी लावलेल्या ठिकाणी सगळेच थांबतात. आपण पाटी नसलेल्या ठिकाणी थांबू." मी हो म्हटलं. काय सोन्यासारखी अट होती ती!

दिवस ऑक्टोबरचे होते. पाऊस नुकता गेलेला, नद्या-नाल्यांत पाणी आणि बांध्यांमध्ये धान! तुम्ही गोंदियाचा धान दिवाळीच्या तोंडावर बघितलाय का? हलका धान पिवळा पडायला लागलेला आणि त्याच्या शेजारच्या बांधीत भारी धान अजून हिरवागार, धुऱ्याच्या या बाजूला एक रंग आणि त्या बाजूला दुसरा, आणि मग त्यामागे झाडी, आणि मग झाडीमागे टेकडी! मी म्हटलं, थांब. गाव सोडून कितीसं झालं होतं! भाऊ हसला, पण थांबला.

आणि थांबलो म्हणून तर बोडी दिसली!

बोडी म्हणजे छोटा तलाव. हा सगळा मुलूख तलावांचा आहे. भंडारा आणि गोंदिया १९९९पर्यंत एकच जिल्हा होते आणि तलावांचा जिल्हा म्हणूनच त्यांची ओळख. रस्त्यावरून जाताना बोडी दिसत नाही, दिसते ती नुसती मातीची पाळ, आणि आपण सुसाट पुढे निघून जातो. पाळीवर चढा! चढलात की पलीकडे पाणी, पाण्यावर कमळाची पानं, आणि पानांवर एक पक्षी चक्क चालतोय! बुडत नाही! त्याची बोटं इतकी लांब की वजन पसरून जातं आणि पान तरंगतंच राहतं. कमळपक्षी. हे नाव मला भावानं सांगितलं. एक पाऊल, थांबणं, पानाची कड उलटून खाली बघणं, पुन्हा एक पाऊल. आणि मग मागून त्याची पिल्लं! तीही चालत!

पलीकडे एक धीवरदादा डोंग्यात बसून शिंगाडे काढत होते. पाण्यावर पसरलेली वेल उचलायची, उलटी करायची, खालचं फळ तोडायचं, वेल पुन्हा पाण्यावर अलगद ठेवायची. मी पाळीवरून विचारलं, मिळतील का थोडे? त्यांनी डोंगा कडेला आणला आणि ओंजळभर हिरवे शिंगाडे माझ्या ओढणीत टाकले. "कच्चेच खाऊन पाहा नं जी. उकडल्यावर वेगळी चव, कच्च्याची वेगळी." टोकाचे काटे सांभाळून सोलले. आत पांढराशुभ्र, कुरकुरीत, पाणीदार गोड! मी आजवर शिंगाडा खाल्ला तो उपवासाच्या पिठात. हे फळ असं असतं? असं ताजं? तुम्ही खाल्लंय? नसेल तर ऑक्टोबरात इकडे या, दुसरं काही नाही केलं तरी चालेल!

आणि मग सालेकसा आलं. सालेकशाला आलूबोंडा खाल्ला, वर रस्सा ओतून, उभ्या उभ्या. त्यावर मी वेगळा लेख लिहीन!

सालेकसा सोडलं की रस्ता बदलतो. शेतं मागे पडतात, झाडी दोन्हीकडून जवळ येते, रस्ता वळायला लागतो. इथं भावानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी विचारलं, काय आहे इथं? तो म्हणाला, काही नाही. खरंच काही नव्हतं! पाटी नाही, देऊळ नाही, टपरी नाही. एक मोरी, मोरीखालून वाहणारा बारीक नाला आणि साग, ऐन, बांबू.

पहिली दोन मिनिटं मला काहीच ऐकू आलं नाही. कानात अजून गाडीच होती. मग हळूहळू एकेक आवाज सुटा व्हायला लागला. पाण्याचा. मग रातकिड्यांचा, तेही भर दिवसा! मग सुकलेलं सागाचं पान खाली येताना फांद्यांवर आपटत येतं त्याचा, टप, टप, खर्र! सागाच्या पानाला पडताना एवढा आवाज होतो? आणि मग मी वर बघितलं तर दोन झाडांच्या मधे, माझ्या डोक्याच्या बरंच वर, एवढं मोठं जाळं, आणि मधोमध तळहाताएवढी कोळीण! पिवळ्या सांध्यांचे लांब काळे पाय. आणि ऊन पडलं की जाळ्याचे धागे सोनेरी दिसतात! रंगानंच सोनेरी! त्याच जाळ्याच्या कडेला एक बारीकसा, लालसर कोळी चिकटून बसलेला. मी म्हटलं, हे हिचं पिल्लू. भाऊ म्हणाला, नाही, हा नर! नवरा! एवढासा! मी पुस्तकात पडताळून पाहिलं, खरं आहे. मादीपुढे नर असाच चिमुकला असतो.

नाल्याच्या कडेला ओल्या मातीवर फुलपाखरं बसलेली. एखाददुसरं नव्हे, अख्खा थवा, पिवळी, पंख मिटून, सगळ्यांची तोंडं खाली. ती माती पितात! म्हणजे मातीतलं पाणी, क्षारांसाठी. फुलातला मध गोड असतो पण त्यात मीठ नसतं, ते ती इथून घेतात. मी गुडघ्यांवर बसून बघत होते आणि ती माझ्याकडे ढुंकून बघत नव्हती. आणि मग मागच्या झुडपात हिरव्या पानांचा एक गोळा दिसला, त्यावर लाल मुंग्या. पानं शिवलेली! खरोखर शिवलेली! काही मुंग्या ओळीनं पानाची कड ओढून धरतात आणि बाकीच्या आपल्या अळ्या तोंडात धरून इकडून तिकडे नेतात. त्या अळ्यांच्या तोंडून रेशमासारखा धागा निघतो आणि त्यानं पानं जोडली जातात. घरातल्या लेकरांना हाती धरून घर शिवणं! हे सगळं एका मोरीवर! ज्या मोरीवरून रोज किती गाड्या जात असतील! मला सांगा, आपण कुठं पळत असतो?

बरं, आता हाजरा फॉल. दरेकशाला येऊन हाजरा फॉल नाही बघितला असं कसं होईल? पावसाळ्यातल्या रविवारी इथं पाय ठेवायला जागा नसते, असं सगळेच सांगतात. आम्ही मधल्या वारी, सकाळी लवकर गेलो. धबधबा भरून कोसळत होता आणि बघणारे मोजके. जागा स्वच्छ! नवाटोला गावची मंडळी समिती करून हे ठिकाण सांभाळतात, तिकीट घेतात, कचरा उचलतात. गावानं आपला धबधबा स्वतः राखावा, हे मला फार म्हणजे फार आवडलं. तिकिटाचे पैसे देताना उगीच बरं वाटतं. पण धबधब्यासमोर फोटो काढून परतू नका! खाली पाणी जिथं दगडांमधून वाट काढत शांत होतं तिकडे बघा. तिथं खडकावर एक छोटा पक्षी शेपटी वरखाली हलवत बसला होता, उडायचा, पाण्यावरून किडा उचलायचा, पुन्हा त्याच खडकावर. त्याच खडकावर! दरवेळी! आम्ही त्याच्यापायी धबधबा विसरलो.

आणि मग दरेकसा स्टेशन. स्टेशनावर काय बघायचं, असं म्हणाल. मीही म्हटलं होतं! अहो, हे मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन आहे! गीतांजली इथूनच जाते, हावडा मेल इथूनच जाते. पुढे बोरतलाव, म्हणजे छत्तीसगड लागलं, आणि मग डोंगरगड, बम्लेश्वरीचं. नागपूरहून राजनांदगावपर्यंत १८८२मध्ये मीटर गेजची गाडी पोहोचली होती आणि १८८८मध्ये बंगाल नागपूर रेल्वेनं तो रूळ रुंद केला. म्हणजे हा मार्ग किती जुना! आणि स्टेशन एवढंसं. तीन बाजूंना डोंगर, झाडी फलाटाला येऊन भिडलेली, फलाटावर दोन बकऱ्या आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या दोघीतिघी. पॅसेंजरची वाट बघत. नि:शब्द.

आणि मग रूळ गुणगुणायला लागले! आधी गाडी दिसत नाही, रूळच सांगतात. मग डोंगरातून घुमत येणारा भोंगा. आणि मग मालगाडी! एक डबा, दहा डबे, तीस डबे, कोळसा, कोळसा, कोळसा, संपतच नाही, जमीन थरथरतेय, आणि शेवटचा डबा गेला की एकदम पुन्हा बकरीचं में! मी इतकी वर्षं त्या खिडकीत होते आणि हे स्टेशन मला निमिषभर दिसून जायचं. आता मी फलाटावर होते आणि मालगाडीमागून आलेल्या प्रवासी गाडीच्या खिडक्या समोरून जात होत्या! एका खिडकीतल्या मुलीला मी हात केला. तिनंही केला! तुझी वेळ आली की तूही इथं उतरून बघ, हे तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

आता खरी गोष्ट. आता जरा सावरून बसा. कचारगड!

दरेकशाहून धनेगावला यायचं, गाडी तिथं सोडायची आणि पायी निघायचं. चढ आहे, दगड आहेत, वाट झाडीतून जाते. वाटेत ठिकठिकाणी गोंडी देवस्थानं, सप्तरंगी झेंडे. समोरून एक म्हातारे बाबा काठी टेकत उतरत होते. त्यांनी हात जोडले. "जय सेवा!" मी नमस्कार म्हणणार होते, पण तोंडून आपोआप जय सेवा निघालं. त्यांचा चेहरा फुलला. कुठून आलात, कोणासोबत आलात, पाणी आहे का जवळ, सगळी चौकशी. मग म्हणाले, "एवढी घाई काय, बाई? बसा नं जरा. डोंगर कोठं पळून चालला!" बसलो. आणि बसलो म्हणून त्यांच्याकडून गोष्ट ऐकली.

गोंडी परंपरा सांगते की माता कली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती. गुहेच्या तोंडावर अवाढव्य शिळा. आई बाहेर रडतेय. मुलांना सोडवायला पारी कुपार लिंगो आले, जंगो रायताड आली. पण शिळा हलेना. मग हिरासुका पाटालीर नावाचा वादक पुढं झाला आणि त्यानं किंगरी हे तारवाद्य वाजवायला सुरुवात केली. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं. त्यांनी आतून जोर लावला, बाहेरच्यांनी बाहेरून, आणि शिळा निखळली! मुलं सुटली! पण शिळा गडगडत आली ती हिरासुकाच्याच अंगावर. वादक गेला. सुटलेल्या त्या मुलांना लिंगोंनी शिकवलं, आणि गोंड समाजाचा धर्म, गोत्रं, सगळी घडी तिथून बसली.

बाबा हे सांगताना हिरासुकापाशी थांबले. डोळे पुसले. हजारो वर्षांपूर्वीची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट, आणि डोळ्यांत पाणी आत्ताचं! मला अंगावर काटा आला. बंदुकीनं नाही, कुऱ्हाडीनं नाही, वाजवून शिळा हलवली! अशी गोष्ट माझ्या शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. का नव्हती? नागपूरपासून सकाळी निघालं तर दुपारी पोहोचता येईल एवढ्यावर हा डोंगर आहे, आणि मी रामाच्या, कृष्णाच्या, शिवाजी महाराजांच्या गोष्टींवर वाढले, पण लिंगोचं नाव मला मोठेपणी, तेही इथं बसून कळावं?

माघ पौर्णिमेला इथं जत्रा भरते. महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून, तेलंगणातून लाखांनी लोक येतात. हे आजचं एवढं मोठं रूप उभं राहिलं ते १९८०च्या दशकापासून. गोंडी भाषेचे आणि धर्माचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी मूठभर माणसांनिशी इथं यायला सुरुवात केली. मूठभर माणसं! आणि आता लाखो! पण त्या दिवशी वाटेवर आम्ही, बाबा, आणि एक धनेश. हो, धनेश! मोठी चोच, जड उड्डाण. भावानं ओळखला, मी नुसती आ वासून बघत राहिले.

आणि मग गुहा. मी गुहा म्हणजे वाकून आत जायची जागा समजत होते. इथं वाकायचं कुठं! तोंडच एवढं प्रचंड की मान मागे टाकावी लागते, टोपी असती तर पडली असती. आत मोठाच्या मोठा दालनासारखा पोकळ भाग, वर छताला भोक, आणि त्यातून ऊन थेट आत उतरतं. कडेला उंचावर आग्या मोहळं लोंबत होती. बाबांनी आधीच बजावलं होतं: अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. आम्ही कुजबुजत होतो तरी आवाज फिरून परत यायचा. भिंतीवरून पाण्याचा थेंब पडायचा, टप, आणि त्याचाही प्रतिध्वनी! थेंबाचा! मी किती वेळ छताकडे बघत होते कोण जाणे. इथं आत अंधारात तेहतीस लेकरं, बाहेर एक माणूस वाजवतोय... मला किंगरी ऐकायची आहे. कुणाकडे आहे का? कुणी वाजवतं का अजून? तुमच्या माहितीत असेल तर मला कळवा, मी जिथं असेल तिथं येईन!

खरं तर इथं थांबायला हवं होतं. पण एकदा चटक लागली की लागली! दुसऱ्या सकाळी मी भावाला म्हटलं, अजून कुठं पाटी नाही? तो म्हणाला, देवरीकडून खाली उतरू. आणि मग देवरी, आणि मग कोहमारा, आणि मग दक्षिणेला वळून नवेगावबांध! तिथला तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. ना इंजिनिअर, ना सिमेंट! सात डोंगर आजूबाजूला, त्यांना सात बहिणी म्हणतात. डोंगरांमधल्या फटी हेरून तिथं पाळ घातली आणि अख्खं सरोवर अडवलं. कोहळी समाजानं या भागात असे कितीतरी तलाव बांधले, आणि ते आजही धान पिकवतात. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली इथं वर्षानुवर्षं राहिले, इथल्या पाण्यावर आणि पाखरांवर लिहिलं. त्यांचं 'नवेगावबांधचे दिवस' माझ्या घरात आहे, कितीदा वाचलंय, आणि तरी मी इथं कधी आले नव्हते! पाळीवर उभी राहिले आणि वाटलं, हे सगळं ओळखीचं आहे, नुसतं बघायचं राहिलं होतं.

पण मी तुम्हाला सांगणार होते ते त्याहून पुढचं. इटियाडोह! गाढवी नदीवरचं धरण, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ. डोंगर, पाणी, जंगल. आम्ही रस्त्यानं चाललो होतो, दोन्हीकडे झाडी, मधेच धानाची बांधी, आणि मग एकदम झाडांमध्ये रंगीत पताका! निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी! मी किंचाळलेच, थांब! गोंदिया जिल्ह्यात, सागाच्या झाडाखाली, तिबेटी मंत्रपताका!

ही नॉर्ग्येलिंगची तिबेटी वसाहत. इकडे सगळे तिबेटी कॅम्प म्हणतात. १९५९नंतर तिबेट सोडून भारतात आलेल्या लोकांना देशात ठिकठिकाणी जागा दिल्या गेल्या, त्यातली ही १९७२ची. बर्फाच्या मुलखातली माणसं विदर्भाच्या उन्हाळ्यात! एप्रिल-मेमध्ये इथं काय होत असेल याची कल्पना करा. आणि ते राहिले. धान रोवायला शिकले. गोम्पा, म्हणजे मठ, बांधला. गोम्पात आत गेले तर भिंतीवर चित्रं, लोण्याच्या दिव्याचा वास, आणि बाहेर येऊन बघते तर समोर चिखलात बसलेली म्हैस! एका आजींनी बाकावर जागा करून दिली. हातात माळ, अंगावर चुबा, आणि बोलायला लागल्या ती आपली गोंदियाची हिंदी, मधेच मराठी! "बैठो बेटा, धूप बहुत है." त्यांची मुलं स्वेटर विकायला निघण्याच्या तयारीत होती. आपण थंडीत शहरात रस्त्याकडेला तिबेटी बाजारात स्वेटर घेतो ना, घासाघीस करतो ना? त्यातली काही माणसं इथली! या झाडीतली! मी नागपुरात इतक्यांदा स्वेटर घेतले आणि कधी विचारलं नाही, तुमचं गाव कोणतं. यंदा विचारणार. नक्की विचारणार!

जवळच प्रतापगड. टेकडीवर जुन्या किल्ल्याच्या खुणा, महादेव आणि दर्गा, दोन्ही. महाशिवरात्रीला यात्रा भरते तेव्हा लोक दोन्हीकडे डोकं टेकवतात. आम्ही गेलो तेव्हा पायऱ्यांवर माकडं होती आणि एक पुजारीकाका होते. त्यांनी प्रसादाचं खोबरं दिलं, ते माकडानं नेलं.

आणि मग परतीची वाट. कोहमाऱ्याहून गोरेगावमार्गे गोंदिया. हा रस्ता मुरदोलीच्या जंगलातून जातो, आणि इथं मला तुमच्याशी जरा गंभीर बोलायचंय. एका बाजूला नागझिरा, दुसऱ्या बाजूला नवेगाव. दोन्ही मिळून २०१३मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. जनावरं या जंगलातून त्या जंगलात जातात ती हा रस्ता ओलांडूनच. २०२३च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, वाघ वाढावेत म्हणून, केवढे कष्ट करून! आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच मुरदोलीत एका वाघाला भरधाव गाडीनं उडवलं. तो गेला! मी हे वर्तमानपत्रात वाचलं होतं, चुकचुकले होते आणि पान उलटलं होतं. पण आता त्याच वळणावर, संध्याकाळी, आमची गाडी हळू चालली होती आणि मागून एकेक गाडी हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून जात होती. एवढी घाई काय, बाई? बाबांचं वाक्य मला तिथं आठवलं आणि मी काचेतून प्रत्येक गाडीला हातानं खूण करत होते: हळू! हळू! कुणी बघितलं नाही. तुम्ही जाल तेव्हा कृपा करून हळू जा. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

आणि मग एक चितळ दिसलं! रस्त्याच्या कडेला, कान टवकारून! भावानं दिवे मंद केले, थांबला. चितळानं बघितलं, विचार केला, आणि रस्ता ओलांडला. मागून दुसरं. मग तिसरं. मग एक पाडस, त्याला धीर होईना! येतंय, मागे जातंय, येतंय! मागून ट्रक आला. भाऊ गाडीतून उतरला, हात वर करून ट्रकपुढे उभा राहिला, आणि ट्रकवाले दादा खरंच थांबले! इंजिन बंद केलं त्यांनी! मान बाहेर काढून बघायला लागले, आणि आम्ही सगळे, अनोळखी, अंधारात, एका पाडसाला मनातल्या मनात म्हणत होतो, ये रे, ये! आणि ते आलं! टुणकन! ट्रकवाले दादा टाळ्या वाजवत होते!

तर आता ऐका. अजून बोदलकसा राहिलंय, चोरखमारा राहिलंय, तिरोड्याकडची सगळी बाजू राहिलीय. नागझिऱ्याच्या कुशीतले तलाव! थंडी पडली की पाण्यावर बदकं उतरतील, आणि फेब्रुवारी संपता संपता पळस पेटेल, आणि त्याआधी माघ पौर्णिमेला कचारगडला किंगरी ऐकायला मिळेल का बघायचंय. भावाची गाडी लहान आहे, त्यात मावशी पण येणार म्हणतेय. तुमच्याकडे गाडी आहे ना? पहाटे पाचला निघू. आमगावात चहा घेऊ. डबा मी आणते, शिंगाडे वाटेत घेऊ. फक्त एकच, मी थांब म्हटलं की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही!